ओव्हरड्राइव्ह चालूच राहिलं

मित्रांनो, आज पुतण्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीला ट्रेलर लावून गुंदला निघाला. मी म्हटलं, "वजन ओढताना ओव्हरड्राइव्ह, तो सगळ्यात वरचा गिअर, बंद ठेव."

"काका, तुला तर गाडी येत न्हाई," तो हसला.

मग मी सांगितलं. सुप्याचं धरण भरत होतं, आमचं गाव बुडणार होतं. त्याचा बाप, माझा दादा, ठेकेदाराच्या अशाच गाडीनं आमचं घर हलवत होता. ओव्हरड्राइव्ह चालूच राहिलं. चढावर गिअर सारखा वरखाली होऊन गिअरबॉक्स जळाला. दुसरी खेप झालीच नाही. बियाण्याचं भात आणि आईचं जातं पाण्याखाली गेलं.

आईनं त्याला कधी बोल लावला नाही. दादा मात्र मरेपर्यंत मला म्हणायचा, "माझ्या हातनं गेलं."

पुतण्यानं मान खाली घातली. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दादानं मुलापासून लपवलेलं मी सांगायला हवं होतं का?