मोबाईलमध्ये घेतलेलं नाव

मोबाईलचा अपडेट म्हणजे आगंतुक पाहुणा, असं माझं मत होतं. न बोलावता येतो, डेटा खातो आणि जाताना घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे करून जातो. मागच्या खेपेला आला तेव्हा टॉर्चचं बटण कुठं गेलं ते शोधण्यात माझी अर्धी सकाळ वाया गेली होती. म्हणून यंदा आमच्या ह्यांच्या मोबाईलवर परत 'अपडेट करा, अपडेट करा' सुरू झालं, तेव्हा मी त्याला भीक घातली नाही.

पण लेकीच्या घरी, कामथडीला, वायफाय आहे. कुरडया घालायला तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिनं ह्यांच्या हातातून मोबाईल घेतला आणि अपडेट लावून दिला. कुरडया उन्हात पडल्या, आम्ही चहाला बसलो, आणि मोबाईल जागा होऊन नव्या गोष्टींची यादी दाखवू लागला. हे म्हणाले, "तूच वाच. मला काय करायचंय."

वाचलं. घड्याळाचे आकडे आता हवे तेवढे जाड करता येणार होते. फोटोत नको असलेला माणूस पुसून टाकता येणार होता. ते वाचून एक-दोन नातेवाईक माझ्या डोळ्यांपुढं येऊन गेले. आणि अगदी तळाशी, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी एक सोय होती. कोणी तुमच्या नावानं हाक मारली की मोबाईल ती ओळखणार, खिशात थरथरणार आणि पडद्यावर नाव दाखवणार. त्याला नेट लागणार नाही, असंही लिहिलं होतं. ते मी परत वाचलं. चहा तसाच राहिला.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ह्यांचे कान गेली काही वर्षं हळूहळू गेले. घरात समोर बसून मोठ्यानं बोललं तर कळतं, पण मागून मारलेली हाक गेली ती गेलीच. कानातलं मशीन आणलं, तर वावरात वाऱ्यानं ते शीळ घालतं, म्हणून ते कायम डबीत. आमचं वावर भाटघर धरणाच्या पाण्याला लागून, डोंगराच्या पोटात. पाणी उतरलं की जो गाळ उघडा पडतो त्यात आम्ही हरभरा करतो. तिथं रेंज नावाची वस्तू नाही, त्यामुळं फोन लावून खिशात थरथरवावं म्हटलं तरी सोय नाही.

हरभऱ्याआधी तिथं नांगरट चालू होती. हे पाठमोरे वाकून दगड वेचत होते आणि ट्रॅक्टर त्यांच्या दिशेनं उलटा मागं येत होता. मी बांधावरून "अवो, अवो" करत घसा फोडला. ह्यांना पत्ता नाही. ड्रायव्हरनं ऐन वेळी मान वळवली म्हणून आज मी हे लिहिते आहे. त्या दिवशी घरी येऊन मी जाहीर केलं, की इथून पुढं एकट्यानं वावरात जायचं नाही.

त्यांनी ऐकलं, आणि तेच मला बघवेना. ज्या माणसानं जन्म वावरात काढला तो ओट्यावर बसून शेंगा फोडत राहिला. माझ्यासोबत जायचे तेव्हा मी कोतवालासारखी त्यांच्या मागं उभी. त्यांचं काम होईना, माझं होईना. ते चिडत नसत, ते गप्प झाले होते. चिडले असते तर मला परवडलं असतं, मी भांडायला कधी कमी पडलेली नाही.

तेव्हा ही सोय कामाला लावायचीच, असं मी एसटीत बसल्या बसल्या ठरवलं. घरी आल्यावर मोबाईलनं विचारलं, हाक कशी मारतात ते बोलून दाखवा. मी विचार न करता तोंड उघडलं आणि म्हटलं, "अवो."

दुसऱ्या दिवशी काय धमाल झाली. शेजारीण नवऱ्याला म्हणाली, "अवो, पानी आलंय," आणि हे ओट्यावरून उठून घरात आले. "काय गं?" मी म्हटलं, कुठं काय. ते बसतात न बसतात तोच पलीकडची तिच्या नवऱ्यावर ओरडली. परत हे दारात हजर. आमच्या आळीत प्रत्येक नवऱ्याचं नाव 'अवो'च आहे, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी ह्यांनी मोबाईल गव्हाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

आता आली पंचाईत. लेक ह्यांना आबा म्हणते, तर गल्लीत आबांचा तोटा नाही. सासूबाई म्हणतात 'दादा', तेही तसंच. ह्यांचं खरं नाव फक्त आधार कार्डावर आणि तलाठ्याच्या तोंडी. सगळ्या गावात त्या नावाचा दुसरा माणूस नाही, म्हणजे मोबाईलला हवं ते तेच. आणि हाक मारणार मी. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे ऐकत मी मोठी झाले. माझा त्यावर विश्वास आहे असं नाही. पण जीभ विश्वासाला विचारून थोडीच अडते.

सासूबाई म्हणाल्या, "नाव असं उगडं घेत्यात व्हय? उखान्यात घे."

पटलं मला. मी मोबाईल हातात धरला, डोक्यावर पदर घेतला आणि म्हटलं:

"धरणाचं पाणी उतरलं, गाळात पेरला हरभरा,
अमुकरावांचं नाव घेते, मोबाईलदादा, कान दे जरा."

अमुकराव इथं लिहिते आहे, तिथं खरं नाव घेतलं. मोबाईलनं आणखी एकदा मागितलं, मी आणखी एकदा घेतलं. नंतर त्यानं हिरवी खूण दाखवली. सासूबाई खूश.

मग परीक्षा. मोबाईल ह्यांच्या खिशात दिला आणि मी दाराआड जाऊन हळूच नुसतं नाव पुटपुटले. मोबाईल गप्प. जरा मोठ्यानं. पालथ्या घड्यावर पाणी. तेवढ्यात सासूबाई हसत हसत माझाच उखाणा म्हणून बघायला लागल्या, आणि हे ताडकन उठले. खिसा थरथरत होता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या बिचाऱ्या यंत्राला वाटलं होतं, की या माणसाचं नावच हरभऱ्यापासून सुरू होतं.

मी पोट धरून हसत होते. सासूबाईंचं हसू मात्र एकदम थांबलं. "तुजा हरभरा पेरून हुईस्तवर ट्रॅक्टर अंगावर येतोय की," त्या म्हणाल्या. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "घे उगडं नाव. माज्या लेकाच्या जिवापरीस ते मोटं न्हाई."

त्यांनी स्वतः जन्मात मामंजींचं नाव तसं घेतलेलं नाही. त्यांच्या तोंडून हे ऐकून मला भरून आलं. मी जुनं पुसलं आणि त्यांच्यासमोर, पदराशी न खेळता, नवऱ्याचं नाव घेतलं. मोबाईलनं मागितलं तितक्यांदा घेतलं. भिंत पडली नाही, दिवा विझला नाही.

पण घरात घेणं वेगळं आणि वावरात घेणं वेगळं. सकाळी हे खाली पाण्याच्या कडेला हरभरा उपटायला वाकले, मी मुद्दाम वरच्या बांधावर थांबले. शेजारच्या गाळात भावकीतल्या बाया उपटणीला आल्या होत्या. आज ओ आली नाही, तर परत ओटा आणि परत शेंगा, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

पहिली हाक मी लाजत मारली. ती माझ्या ओठांबाहेरसुद्धा नीट पडली नाही. हे वाकलेलेच. बायांपैकी एकीनं विचारलं, "काय झालं वं?" आणि मला माझाच राग आला. ट्रॅक्टरच्या दिवशी 'अवो' म्हणून घसा फोडला होता, मग आता कशाची लाज? मी पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि ह्यांचं नाव घेऊन अशी हाक मारली, की पाण्यावरचे बगळे उडाले.

बायांचे हात थांबले. एकीनं तोंडावर पदर धरला.

हे ताठ झाले. खिशावर हात ठेवला, मोबाईल काढून बघितला. आणि मग बायांकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, वाटेकडे बघितलं. तलाठीच आला की काय, असं त्यांना वाटलं असणार. शेवटी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला. ते बघतच राहिले.

चढ चढून ते वर आले, धापा टाकत. मोबाईल माझ्यापुढं धरला. पडद्यावर त्यांचं नाव होतं.

"तूच मारलीस?"

"मीच."

"पर मला काय ऐकू आलं न्हाई. निस्तं खिशात थरथरलं." त्यांनी मान वाकवली आणि त्यातल्या त्यात बरा कान माझ्यापुढं केला. "हितं म्हन."

बाया बघत होत्या. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, चांगलं मोठ्यानं. ते लहान पोरासारखे हसले. खाली बायांनी एकच हशा पिकवला, आणि मला कशाचंच काही वाटलं नाही, एवढा आनंद झाला होता.

"उद्यापास्नं मी एकलाच येनार," हे म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"या की. उद्या कशाला, आत्तापासूनच. नाव आता सगळ्या गाळाला कळलंय, कोणीही हाक मारेल."

ते परत खाली उतरले आणि कामाला वाकले, माझ्याकडे पाठ करून. नांगरटीपासून ती पाठ मी एकदाही नजरेआड होऊ दिली नव्हती. मी वळले आणि घराची वाट धरली. घर येईपर्यंत मी एकदाही मागं वळून बघितलं नाही.