आधी ताईंचा फॉर्म

धायरीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात पीएचडी करणारी एक मुलगी यायची. वस्तीतल्या, शाळा सोडलेल्या मुलींची मैत्री आणि प्रेमप्रकरणं हा तिचा विषय. प्रश्नावलीच्या प्रती न्यायची आणि कोऱ्याच परत आणायची.

"अहो मॅडम, कागदांना नुसतं सिंहगडावर फिरवून आणता की काय?" मी विचारलं. ती खळखळून हसली.

एकदा मात्र उड्या मारतच आली. "काका, मुली बोलल्या! म्हणाल्या, ताई, आधी तुमचा फॉर्म भरा. मग मी माझा भरला आणि त्यांना वाचूनही दाखवला."

आनंदात तो फॉर्म ती काउंटरवरच विसरली. वाचायचा नव्हता, पण नजर गेलीच. 'मनातलं कुणाला सांगता?' यापुढे तिनं लिहिलं होतं, 'कुणालाच नाही.' ते खोडून खाली तिच्याच अक्षरात, हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'वस्तीतल्या अकरा मुलींना.'