जांभळ्या गल्लीचा अर्ज

शहराच्या नकाशात आमची गल्ली जांभळी आहे, आणि ती जांभळी मी केली.

निजामपुऱ्याच्या मागच्या अंगाला आमचं घर. खाली बाबांचे चार लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, वर लाकडी जिन्याने चढून गेलं की आम्ही. गल्लीतली सगळी घरं अशीच, खाली लूम आणि वर माणसं. लूम चालू असताना मांडणीवरचे पेले हलायचे, आणि लूम बंद पडले की आमची झोप मोडायची.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना शहराच्या आराखड्यासाठी पाहणी करायला दोन माणसं टेप घेऊन आली. दारोदार एक छापील फॉर्म दिला. जागेचा वापर काय, ते लिहून द्यायचं होतं. घर लिहिलं तर लूमची सवलतीची वीज जाईल असं कोणीतरी बोललं, आणि तासाभरात गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. समोरच्या आपा जिन्यापाशी येऊन म्हणाल्या, "घर लिखोगे तो मीटर काट देंगे." बाबांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "लिव, यंत्रमाग कारखाना."

गल्लीत माझं अक्षर सगळ्यांत चांगलं. रेशनकार्ड असो की शाळेचा दाखला, सगळ्यांचे अर्ज मीच लिहायची. त्या दिवशीही मी अख्ख्या गल्लीचे फॉर्म लिहिले आणि 'राहणारी माणसं' या रकान्यात सगळीकडे रेघ मारली. वर आई भाकऱ्या थापत होती, आणि खाली बसून मी लिहीत होते की इथे कोणी राहत नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट आपांनी अक्षराचं कौतुक करून वाटीभर खीर दिली ती मी चाटूनपुसून खाल्ली.

नकाशा आला त्यात आमची गल्ली जांभळी होती. पिवळा रंग घरांचा, जांभळा कारखान्यांचा. मीटर वाचला म्हणून सगळे खूश होते.

पुढे लूम परवडेनासे झाले आणि एकेक करून भंगारात गेले. भावाचं लग्न झालं, वर एक खोली वाढवायची तर परवानगी मिळेना, म्हणून तो काल्हेरला भाड्याने राहायला गेला. आई गेली. बाबांचे गुडघे गेले तेव्हा त्यांची खाट खाली आली, जिथे लूम होते तिथे. त्या फरशीला अजून तेलाचा वास येतो. मग मागची भिंत फुगली आणि दारावर नोटीस चिकटली. इमारत धोकादायक आहे, रिकामी करा.

आम्ही म्हटलं, करतो, पण पाडून तिथेच बांधायची परवानगी द्या. महापालिकेच्या खिडकीतल्या माणसाने नकाशा पाहिला आणि मान हलवली. जांभळ्या पट्ट्यात राहतं घर बांधता येत नाही. म्हणजे एकदा बाहेर पडलो की परत यायची वाट बंद. मला त्याच्यावर खेकसायचं होतं, पण त्याच्या फायलीतला कागद माझ्याच अक्षरातला होता.

बरीच वर्षं रखडलेली महापालिकेची निवडणूक अखेर लागली, आणि त्याच सुमारास नव्या आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी बाहेर आला. त्यातही आम्ही जांभळेच. बंद लूमच्या जागांवर घरं बांधू द्यावीत असं काही जण म्हणत होते. गोदामवाल्यांना तीच जागा हवी होती. आणि नव्या टॉवरमधली मंडळी नाक मुरडून सांगत होती की इतकी घरं झाली तर गर्दी वाढेल, पाणी पुरणार नाही. जसं काही आम्ही उद्या बाहेरून येणार होतो. आम्ही इथेच आहोत, तेच पाणी पितो, फक्त नकाशात आम्हाला तहान लागत नाही.

आमच्याकडे उमेदवार गल्लीत आला की बायका ताट घेऊन ओवाळतात. मीही ताट घेऊन उभी राहिले. पहिला आला तो आधीही निवडून आलेला, स्वतःची गोदामं असलेला. कपाळ पुढे करून उभा राहिला. माझ्या ताटात कुंकू होतं, निरांजन होतं आणि हरकतीचा अर्ज होता. आमची गल्ली पिवळी करा, इथे माणसं राहतात, एवढंच त्यात लिहिलं होतं.

"आधी सही, मग टिळा," मी म्हटलं.

तो हसला. "ताई, निवडून तर येऊ द्या. पहिलं काम तुमचंच."

"हरकत रहिवाशाने द्यायची असते. तुम्ही याच वॉर्डात राहता ना? पेन आहे माझ्याकडे."

आता त्याने हसू आवरलं. गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "कारखाना म्हणून तुम्हीच लिहून दिलंय. उद्या ते खोटं ठरलं तर केसेस होतील. बघा बुवा, मी आपला काळजीपोटी सांगतो." मी निरांजन विझवलं आणि ताट खाली घेतलं. टिळा लावून घेतल्याशिवाय गेलेला आमच्या गल्लीतला तो पहिला उमेदवार. पण जाताना त्याने भीती पेरली ती पेरलीच. संध्याकाळपर्यंत निम्म्या लोकांनी अर्जावरून हात मागे घेतला. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण हीच भीती मी एकदा सुबक अक्षरात लिहून दिली होती.

दोन दिवसांनी दुसरी उमेदवार आली. पहिल्यांदाच उभी राहिलेली, पायात साध्या चपला. तिने अर्ज उभ्या उभ्या पूर्ण वाचला, सही केली आणि म्हणाली, "यामुळे माझी मतं जातील, पण बरोबर आहे ते." मी तिला ओवाळलं. निकालात ती पडली. पडली तर पडली, मला त्या टिळ्याचा पस्तावा नाही.

मग मी वेगळाच अर्ज लिहिला. पाहणीच्या वेळी आम्ही खोटं लिहून दिलं होतं, ते अक्षर माझं आहे, असं स्पष्ट लिहिलं आणि सगळ्यांत वर स्वतःची सही केली. गल्लीतून फिरले. आपांनी कागद बराच वेळ हातात धरला. "तेरे हाथ से ही बिगड़ा था, तेरे हाथ से ही सुधरेगा," म्हणाल्या आणि सही केली. त्यांच्या मागून बाकीचेही आले, सगळे नाही.

सुनावणीला बाबांना रिक्षाने नेलं. तो गोदामवाला उमेदवार, आता नगरसेवक, बाजूच्या खुर्चीत बसला होता. अधिकाऱ्याने माझे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "अक्षर एकच आहे. खोटं कोणतं धरायचं?"

"जुनं," मी म्हटलं. "तेव्हा घाबरलो होतो."

"हे लेखी देताय. परिणाम माहीत आहेत?"

मी काही बोलायच्या आत बाबा काठी टेकत उठले. "पोरीला काय इचारता? तिला लिवायला मीच सांगितलं. केस करायची तं माझ्यावं करा." खुर्चीतला नगरसेवक मोबाईल बघू लागला.

अधिकाऱ्याचा आवाज थोडा नरमला. "आजोबा, मग तिथे नक्की आहे काय?"

जन्मभर माझा कारखाना, माझा कारखाना म्हणत आलेला माझा बाप. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"घर हाय," तो म्हणाला. "तवाबी घरच व्हतं."

निर्णय अजून आलेला नाही. भिंतीला आम्ही टेकू लावलाय, आणि काल्हेरहून भाऊ दर रविवारी येऊन तो ठोकून बघतो. सुनावणीच्या दिवशी अधिकाऱ्याने नवा फॉर्म पुढे केला. मी सगळ्यांत चांगल्या अक्षरात लिहिलं, राहतं घर. राहणारी माणसं, दोन. खाली पूर्ण पत्ता दिला, म्हणजे पुढची नोटीस कुठे चिकटवायची ते त्यांना शोधत बसायला नको. आम्ही घरीच आहोत.