सुतळीची एक गाठ

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. खालापुरात रस्त्याकडेला आमच्या शेठचं गॅरेज होतं. मी तिथे वेल्डर — आयटीआय नुकतंच झालेलं, त्यामुळे मिजास भारी. पत्र्याचं काम धर्माकाकांचं. कळंबच्या एका डॉक्टरांना जीपवर पक्का टप हवा होता. पावसाळ्यात वाड्यांवर जाताना कापडी हूड गळायचं, औषधं भिजायची. पण उन्हाळ्यात तीच जीप त्यांना उघडी हवी! काकांनी डोकं लढवलं — टप तीन तुकड्यांत करायचा. पुढचं छत, मागचं छत, मागची भिंत. मध्ये रबराची पट्टी. बोल्ट आवळले की टप तयार, सोडले की दोघांनी उचलून ठेवावा. असलं काम आमच्याकडे तोवर कुणी केलं नव्हतं.

काका टेपला हात लावत नसत. जीपवर सुतळी ताणायची, माप आलं की गाठ मारायची. एका गाडीची एक सुतळी. आणि मला तर त्या गाठींनी वेड लावलं होतं — गाठीलाच एवढी जाडी, मग माप अलीकडचं धरायचं की पलीकडचं? आत काही खूण असते का? विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण आयटीआयवाल्याने सुतळीवाल्याला विचारायचं?

दुपारी काका जेवायला घरी गेले. सुतळी खिळ्याला टांगलेली. मी — एक गाठ सोडली.

आत काहीच नव्हतं. नुसती सुतळी, जरा चुरगळलेली. मी घाईघाईने गाठ परत मारली, अंदाजाने.

त्याच सुतळीवर काकांनी पत्रा कापला. बसवायच्या दिवशी डॉक्टर समोर उभे. पुढचं छत चपखल बसलं. मागचं बोटभर आखूड पडलं. काकांनी सुतळी पुन्हा जीपवर ताणली, सोडली, पुन्हा ताणली. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, आता वय झालं तुमचं." काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "नजर गेली रं माझी."

माझ्या हातात बोल्ट होते. तोंड उघडायला कितीसा वेळ लागला असता? मी बोल्ट मोजत बसलो.

मी जोडपट्टी वेल्ड करून टप बसवून दिला. शेठनी माझी पाठ थोपटली. भीती होती, कबूल — नोकरी जाईल ही. पण भीती किती दिवस टिकते हो? महिनाभर धरा. काका त्यानंतर नऊ वर्षं गॅरेजात होते. मग मी का गप्प राहिलो? याचा विचार मी खूप केलाय, आणि जे सापडलं ते मला आवडलेलं नाही.

त्या दिवसापासून काका प्रत्येक माप झालं की मला हाक मारायचे. उभ्या आयुष्यात कुणाला न विचारणारा माणूस — "जरा बघ रं, बरोबर हाय का?" मी टेप लावायचो. माप दर वेळी बरोबर असायचं. तरी मी कपाळाला आठ्या घालायचो, टेप दुसऱ्यांदा लावायचो, त्यांना उभं ठेवायचो, आणि मग मान हलवायचो. मला ते आवडायला लागलं होतं.