शेजारच्या बाईंची फाइल

रुग्णालयाच्या तक्रार कक्षात बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या फाइलचा मला सकाळपासून हेवा वाटत होता. सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले. अर्जाच्या दोन प्रती, एक इथे द्यायची आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का घ्यायचा. मी एकच प्रत आणली होती. घरातली असली कामं ह्यांची, त्यामुळे मला ते सुचलंच नाही.

बाईंचे यजमान पलीकडे बसले होते. सलाइन नीट न लावल्यामुळे त्यांचा हात अजून सुजलेला होता, तरी ते चष्मा लावून अर्ज वाचत होते.

"अगं, वॉर्डचा नंबर चुकलाय."

"मग घरी नाही का सांगायचं? तिथे नुसते पेपर वाचत बसलात," बाई खेकसल्या.

फाइलचा हेवा तिथेच संपला आणि त्या खेकसण्याचा सुरू झाला. चारचौघांत नवऱ्यावर असं चिडायला मिळणं ही केवढी चैन आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. एका सुजलेल्या हातासाठी एवढी जाडजूड फाइल, असंही माझ्या मनात आलं. त्याची मला लाज वाटली नाही.

खिडकीतल्या मुलीने माझा अर्ज उलटून पाहिला. "काकू, रुग्णाची सही राहिलीय."

"ते नाहीत आता," मी म्हणाले.

शेजारच्या बाईंनी यजमानांच्या सुजलेल्या हातावर हात ठेवला. मला तेही बघवलं नाही.