नवमीची जुनी प्रत

श्रीसिद्धरामेश्वराचे स्मरण करून, आणि ज्या आईवडिलांनी मला अक्षर दिले त्यांना वंदन करून, पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी हे लिहितो आहे. श्राद्धतिथी पाहण्यासाठी तुम्ही नेहमीप्रमाणे आमचे संकेतस्थळ उघडले असेल. तिथी खाली आहेत. त्या दोनदा तपासल्या आहेत. परंतु त्यांच्या आधी, त्याच चौकटीत, मला काही सांगायचे आहे. हे मी गेल्या महिन्यापर्यंत कोणालाही सांगितले नव्हते — पत्नीला नाही, गुरुबंधूंना नाही. देवापुढे बसलो तरी या गोष्टीला वळसा घालूनच पुढे गेलो.

मी आयुष्यभर पाठशाळेत संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका लहान कार्यालयाने मला संकेतस्थळावरील पंचांगाचा मजकूर लिहिण्यास बोलावले. संगणकाचे मला काही कळत नव्हते. ते मला शिकवले नसरीनने. ती तेथील अभियंता, सोलापुरातच वाढलेली, पस्तिशीची, हसतमुख. पान तुम्हाला एकसंध दिसते, पण ते तुकड्यातुकड्यांनी जोडलेले असते, हे मला तिच्याकडून कळले. सूर्योदयाचा तुकडा वेगळा, आजच्या तिथीचा वेगळा, श्राद्धतिथींचा वेगळा. प्रत्येक तुकड्याच्या प्रती मुंबई, पुणे, हैदराबाद येथील यंत्रांवर ठेवलेल्या असतात. वाचकाला जवळची प्रत मिळते, आणि सोलापुरातल्या मूळ यंत्रावर भार येत नाही. प्रत्येक प्रतीचे आयुष्य मात्र आधी ठरवून द्यावे लागते. ते संपले म्हणजे ती मूळ यंत्राकडून नवी प्रत मागवते.

“गुरुजी, हे ताटच की,” ती म्हणाली होती. “भाकरी सकाळची संध्याकाळी चालत नाही. शेंगाचटणी महिनाभर टिकते. तुमचा सूर्योदय म्हणजे भाकरी. श्राद्धाचा तुकडा किती दिवस ठेवू?”

तिच्या मते एक दिवस पुरेसा होता. मी म्हणालो, पंधरा. संपूर्ण पक्ष. शास्त्र रोज बदलते काय?

“आणि चटणी खवट झाली तर?”

माझ्या मजकुराला खवटपणा येत नाही, असे मी तिला सांगितले. ती हसली, आणि पंधरा दिवस घातले. पण तिने मला एक गोष्ट नीट समजावून ठेवली — मूळ मजकूर बदलला तरी बाहेरच्या प्रती आपोआप बदलत नाहीत; त्या पुसाव्या लागतात. पुसणे क्षणाचे काम. फक्त तिला सांगायचे. तिची खुर्ची माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होती.

चार पावले — हे लक्षात असू द्या.

दिवसाची तिथी सूर्योदयावरून ठरते. श्राद्धाची तिथी तशी ठरत नाही. दुपार कलल्यावर, अपराह्णकाळी जी तिथी असेल ती घ्यायची. पाठशाळेत बारा वर्षांच्या मुलांकडून हा नियम मी घोकून घेतला आहे. आणि चार वर्षांपूर्वी, अविधवा नवमीच्या ओळीत — सवाष्णपणी गेलेल्या स्त्रियांचे श्राद्ध त्या दिवशी करतात — मी सूर्योदयाच्या रकान्यातला दिवस उतरवला. खरा दिवस आदला होता. मला घाई नव्हती. आजार नव्हता. चष्माही नवा होता. मग असे का झाले? मला माहीत नाही, आणि कारण शोधण्याचा मोह मी आता सोडला आहे.

नवमीच्या तीन दिवस आधी ही चूक मला दिसली. मी हलक्या हाताने मूळ मजकूर उघडला, दिवस बदलला, बंद केला. नसरीन समोर बसली होती. डबा उघडून कोणाला तरी चटणी वाढत होती. चार पावले टाकून “प्रती पुसून टाक” एवढेच म्हणायचे होते. ती विचारणार, का? आणि मला सांगावे लागणार की माझ्या मजकुराला खवटपणा आला.

मी जागचा उठलो नाही. तीन दिवस रोज तिच्यासमोर बसलो, आणि उठलो नाही. दूरच्या प्रती कोण पाहणार, असे स्वतःला समजावीत राहिलो. अजाणता केलेली चूक होती ती पहिल्या दिवसाची. हे तीन दिवस मात्र मी जाणून काढले — तुम्ही यांना काय म्हणाल?

नवमीनंतर चौथ्या दिवशी टेंभुर्णीचे एक निवृत्त मास्तर कार्यालयात आले. त्यांची पत्नी आदल्या वर्षी गेली होती. त्यांच्या फोनवर पुण्याची प्रत उघडत असे, आणि ती जुनी होती. त्यांनी एक दिवस उशिरा श्राद्ध केले होते. भावकीतल्या भटजींनी ते चारचौघांत दाखवून दिले. मास्तर रागावले नव्हते. ते फक्त फोन पुढे धरून म्हणत होते, “मी हितं बघूनच केलं की, गुरुजी. तिच्यासाठी पयल्यांदाच करत हुतो.”

कार्यालयप्रमुखांनी माझ्याकडे पाहिले. मी माझ्या पडद्यावर मूळ मजकूर उघडला. तेथे अर्थातच बरोबर दिवस होता. आणि मी म्हणालो, “मूळ मजकूर पहिल्यापासून असाच आहे.”

पाच शब्द. पासष्ट वर्षे या जिभेने मंत्र म्हटले, आणि त्याच जिभेने हे पाच शब्द एकदाही न अडखळता उच्चारले.

मग सारे नसरीनकडे वळले. प्रती तिच्या अखत्यारीत, म्हणजे दोष तिचा. जाहिरातींचे काम पाहणारे एक गृहस्थ तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “त्यांना आपल्या तिथ्यांचं काय सोयरसुतक?” मी ते ऐकले. ज्या बाईने माझी अख्खी तिथ्यांची वही तीनदा वाचून ओळ न् ओळ चौकटीत बसवली होती, तिच्याविषयी हे बोलले जात होते. मी गळ्यातल्या उपरण्याची घडी सारखी करीत राहिलो.

त्यांना थांबवले ते मास्तरांनी. म्हणाले, “बाईंना बोलू नका. माणूस हाय, चुकतंय. माझ्या मनात काय न्हाय, बाई.”

क्षमा माझ्या डोळ्यांदेखत आली आणि दुसऱ्याच्या पदरात पडली. अपराध माझा, आणि “चालतंय, मास्तर” असे नसरीनने म्हणायचे. ती म्हणालीही.

त्या यंत्रात कोणी, कोणत्या क्षणी, काय बदलले याची नोंद राहते. हे मला तेव्हा माहीत नव्हते. तिला होते. तिने ती नोंद सगळ्यांसमोर उघडली नाही. का नाही उघडली? माझ्या वयाकडे पाहून? की उघडूनही कोणी तिचे ऐकणार नाही, असे तिला वाटले? सायंकाळी जिन्यात ती माझ्यासाठी थांबली. आवाज चढवला नाही.

“दुरुस्ती केली तेव्हा मला एक हाक मारायची की, गुरुजी.”

येथे तरी मला थांबता आले असते. जिन्यात आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हते. मी म्हणालो, “कसली दुरुस्ती?”

तिने डबा दुसऱ्या हातात घेतला आणि जिना उतरून गेली. पुढे पंचांगाचे काम तिच्याकडून काढून घेतले, आणि दिवाळीआधी तिने कार्यालयच सोडले. निरोपाला मी होतो. तिने मला वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला.

या वर्षी मी हे काम दुसऱ्या शास्त्र्यांच्या हाती सोपवतो आहे. त्यांच्यासाठी काढलेली नियमांची वही गेल्या महिन्यात माझ्याकडे वाचायला आली. तीत एक ओळ होती — श्राद्धतिथींच्या तुकड्याची प्रत ठेवू नये. पुढे कारण लिहिले होते : पूर्वी नसरीन यांच्या निष्काळजीपणामुळे तक्रार झाली होती. म्हणजे माझे असत्य अजून तेथे होते, माझ्या माघारी नव्या माणसाला वाढले जाणार होते.

मी त्याच दिवशी चार पावले चाललो. कार्यालयप्रमुखांपुढे यंत्रातली ती बदलांची नोंद उघडून ठेवली — माझे नाव, तो दिवस, ती वेळ. वहीतील ओळ खोडून तेथे स्वहस्ते लिहिले : नवमीची तिथी मी चुकवली, मीच लपवली; नसरीन यांचा काही दोष नाही. टेंभुर्णीला जाऊन मास्तरांना सांगितले. ते एवढेच म्हणाले, “मग त्या बाईंना मी उगंच माफी दिली की.” मी उठून आलो. चहा घ्या, असे ते म्हणाले नाहीत, आणि ते योग्यच झाले.

प्रमुख म्हणाले, एवढे पुरे, गुरुजी, संकेतस्थळावर कशाला? पण दोष तिच्या माथी गेला तो या पानावरून. तो उतरवायचा तर येथेच. नसरीनला मी वेगळे पत्र धाडले नाही. धाडले असते तर उत्तराची वाट पाहत बसलो असतो. ती जेथे असेल तेथे, जवळच्या यंत्रातून हे पान तिला दिसो वा न दिसो.

नव्या अभियंत्याने काल विचारले, “या तुकड्याला किती दिवस देऊ?” जास्तीत जास्त देता येतील तितके, मी म्हणालो. “आणि मध्ये काही बदलायचं झालं तर?” मी सांगितले, तुमच्या खुर्चीपर्यंत चालत येईन, आणि का बदलायचे तेही सांगेन.

तिथी खाली आहेत. तुमचे पितर तृप्त होवोत. तुमच्या घरातील थोरांना शांती, लेकरांना आरोग्य आणि चुलीवरच्या भाकरीला बरकत लाभो. शुभं भवतु.