राष्ट्रपतीबाईंचं औक्षण

वर्ल्ड कपसाठी दोह्याचे रस्ते खणून ठेवले होते, तेव्हाची गोष्ट. अमेरिकेतल्या माझ्या जाऊबाईंनी फोनवर ऐकवलं, "आमचं बाळ इथे जन्मलं, उद्या इथला अध्यक्षसुद्धा होईल हो!" माझं डोकंच सणकलं. आमची लेक इथे दोह्यात जन्मली. पण कतारमध्ये जन्मलं म्हणून कुणी नागरिक होत नाही. ती आमच्यासारखीच भारतीय.

नवऱ्याने मोबाईलवर राज्यघटना उघडली आणि तो ओरडलाच, "अगं, आपल्याकडे राष्ट्रपती व्हायला भारताचा नागरिक असावं लागतं आणि पस्तिशी गाठावी लागते. जन्म कुठला, ते कुणी विचारत नाही!"

मग काय, घरात नुसता धिंगाणा! मी शिरा टाकला. त्याने माझ्या ओढणीचा फेटा लेकीला बांधला. शेजारच्या नाशिकच्या वहिनी धावत आल्या आणि आम्ही दोघींनी राष्ट्रपतीबाईंना ओवाळलं. "विजय असो!" म्हणत सोफ्याभोवती मिरवणूक निघाली. जाऊबाईंना फोटो तर मी लगेच धाडला.

फेटा डोळ्यांवर घसरलेला, तोंडात शिरा, आणि सात वर्षांच्या राष्ट्रपतीबाई एकदम थांबल्या. नेहमीसारखं इंग्रजीतच विचारलं, "पण आई, मग मला माझा देश सोडून जावं लागेल?"